किफ, चरस, बबल हॅश की रोझिन: कोणतं कॉन्सन्ट्रेट कुणाच्या कामाचं?

गांजाच्या फुलावर राळेच्या बारीक, चमकणाऱ्या ग्रंथी असतात. त्यांना ट्रायकोम म्हणतात, आणि नशा आणणारा, वास देणारा बहुतेक ऐवज त्यांच्याच टोकाशी साठलेला असतो. ही टोकं पानाफुलांपासून सोडवून घेतली की झालं कॉन्सन्ट्रेट. कशी सोडवली यावर त्याचं नाव ठरतं, जोर ठरतो, आणि ते कसं घ्यायचं हेही ठरतं.

हा आढावा आहे तो जिथे कायद्याने मुभा आहे तिथल्या प्रौढ माणसासाठी, ज्याला फुलाची सवय आहे आणि आता पुढचं काही घ्यावं का असा विचार पडलाय. फुलाला परवानगी आहे म्हणजे राळेलाही असणारच, असं मात्र धरून चालू नका. संयुक्त राष्ट्रांच्या 1961 च्या करारात राळेची व्याख्याच फुलापासून वेगळी केलेली आहे, आणि काही देशांच्या कायद्यात राळेच्या कितीतरी कमी वजनाला मोठी शिक्षा आहे. आधी आपल्याकडचा नियम वाचा.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पहिलं कॉन्सन्ट्रेट किफच असावं. ‘सगळ्यात कडक कोणतं’ या प्रश्नाने लोक सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. विचारायला हवं ते हे, की यातलं कोणतं मला थोडं थोडं घेता येईल आणि घेताना आपण किती घेतलं हे कळेल.

किफ

जाळीच्या ग्राइंडरमध्ये फूल दळलं की तळाच्या कप्प्यात जी भुकटी साठते तीच किफ. मोठ्या प्रमाणावर हेच काम वाळलेलं फूल बारीक जाळीवर चाळून करतात, त्याला ड्राय सिफ्ट म्हणतात. ना पाणी, ना उष्णता, ना रसायन. फुलात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं मुख्य द्रव्य, साधारण 15 ते 25 टक्के असतं, तर बऱ्या किफमध्ये 30 ते 50 टक्के. म्हणजे जोर अंदाजे दुप्पट, दहापट नव्हे.

पारख करायला उपकरण लागत नाही. चांगल्या किफचा रंग वाळूसारखा फिकट पिवळसर असतो. हिरवी झाक जितकी जास्त, तितका पानांचा चुरा जास्त. चिमूटभर घेऊन अंगठ्याने तळहातावर दाबून चोळा. राळ जास्त असेल तर ती उबेने काळपट होऊन चिकटते. चुरा जास्त असेल तर भुकटी भुकटीच राहते.

घ्यायचं कसं? चिलमीत किंवा बोंगमध्ये फुलाच्या थरावर चिमूटभर भुरभुरायचं. नुसतं किफ भरलं तर जाळीतून खाली गळतं आणि तोंडात येतं. कोरड्या फुलाच्या व्हेपोरायझरमध्येही (न जाळता वाफ करणारं उपकरण) फुलाच्या दोन थरांमध्ये ठेवून चालतं. बेत चुकला तरी एका झुरक्यावर थांबता येतं, आणि नवख्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

चरस आणि दाबलेला हशीश

जिवंत झाडाची फुलं हातावर मळून तळव्याला लागलेली राळ खरवडली की चरस. किफ गरम करून दाबलं की हशीश. दोन्हीत राळेचं आवरण फुटून सगळं एकजीव होतं, त्यामुळे चव गडद येते आणि माल नीट टिकतो. राफेल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी 1964 मध्ये टीएचसी शुद्ध रूपात वेगळं केलं, तेसुद्धा पोलिसांनी जप्त केलेल्या लेबनीज हशीशमधूनच.

याला मानाचं स्थान आहे हे मान्य. पण मळलेल्या मालात हाताचा घाम, माती, त्वचेचा मळ हे सगळं येतं आणि ते गाळायला वाव नसतो. रस्त्यावरच्या मालाची गोष्ट आणखी वाईट. माद्रिदमध्ये रस्त्यावर विकत घेतलेल्या हशीशची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2019 मध्ये छापून आले. त्यात 75 टक्के नमुन्यांत ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू सापडला. कारण उघड आहे: कित्येकदा हा माल गोळ्या करून, गिळून, पोटातून सीमेपार नेतात. म्हणून ज्याचा उगम माहीत नाही असा चरस मी कुणालाच सुचवणार नाही.

बबल हॅश

इथे फूल बर्फाच्या पाण्यात ढवळतात. थंडीने ग्रंथी ठिसूळ होऊन तुटतात, पाण्यापेक्षा जड असल्याने तळाला बसतात, आणि मग पाणी वेगवेगळ्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाळीदार पिशव्यांतून गाळतात. सगळ्यात चांगला माल बहुधा 73 ते 120 मायक्रॉनच्या पिशव्यांत मिळतो, कारण ग्रंथींच्या टोकांचा आकारच साधारण तेवढा असतो.

चवीसाठी या सगळ्यांत माझी पसंती बबल हॅशला. उत्तम प्रतीचा असेल तर आच लागताच बुडबुडे येऊन पूर्ण वितळतो, मागे जवळपास काही उरत नाही. त्याला फुल मेल्ट म्हणतात. मध्यम प्रतीचा जळतो आणि राख सोडतो. तो फुलासोबतच ओढावा, डॅबच्या, म्हणजे वाफ ओढण्यासाठी तापवलेल्या भांड्यात घालू नये. खोट एकच, पण मोठी: नीट वाळवला नाही तर आतून बुरशी धरतो. वरून कोरडा दिसणारा खडा मोडल्यावर आत ओलसर, मऊ लागला किंवा कुबट वास आला तर टाकून द्या.

रोझिन

फूल किंवा हॅश कागदात गुंडाळून दोन गरम पट्ट्यांमध्ये दाबलं की राळ वितळून बाहेर पाझरते. द्रावक नसल्यामुळे अवशेषांची भीती नाही, आणि टीएचसी 60 ते 80 टक्क्यांपर्यंत जातं. नवखा माणूस अडचणीत येतो तो इथेच. रोझिन चिकट असल्यामुळे चिमटीत येत नाही, ते ओढायची रीत म्हणजे डॅब. तापवलेल्या भांड्याला कण लावायचा आणि एका दमात वाफ घ्यायची. त्यात अर्ध्यावर थांबणं नाही.

आचेचंही भान हवं. राळेतली सुगंधी द्रव्यं फार तापली की त्यांच्यापासून बेन्झीनसारखी घातक रसायनं तयार होतात, हे पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं. लालबुंद तापवलेल्या भांड्यावर डॅब घेऊ नये. तापमान ठरवता येणारं उपकरण असेल तरच रोझिनच्या वाटेला जावं.

ब्युटेन वायू वापरून काढलेले शॅटर, वॅक्स हे प्रकार या साध्या कॉन्सन्ट्रेटच्या यादीत बसतच नाहीत. परवानाधारक दुकानातून, प्रयोगशाळेच्या अहवालासह घेतले तर ठीक. घरी करू नयेत. ब्युटेन हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो आणि एका ठिणगीने घर पेटतं. बाजारातल्या बेनामी व्हेप काड्याही टाळा. 2019-20 मध्ये अमेरिकेत फुप्फुसं निकामी होण्याची जी साथ आली, त्यात 68 माणसं गेली. बहुतेक रुग्णांनी टीएचसीच्या व्हेप ओढल्या होत्या, आणि भेसळीच्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटचा तिच्याशी पक्का संबंध निघाला.

खायचं असेल तर आधी हिशेब

कच्च्या राळेत टीएचसी फार थोडं असतं, बहुतेक त्याचं आम्लरूप टीएचसीए असतं. ते उष्णतेने बदलतं, म्हणून खाण्याआधी किफ किंवा हॅश ओव्हनमध्ये 110 ते 115 अंशांवर पाऊण तासभर तापवून घेतात आणि मग तूप-लोण्यासारख्या स्निग्ध पदार्थात मिसळतात.

आता आकडे पाहा. 40 टक्क्यांचं 1 ग्रॅम किफ म्हणजे ढोबळमानाने 400 मिलिग्रॅम टीएचसीए. बदलताना वजन घटतं, म्हणजे हाती सुमारे 350 मिलिग्रॅम टीएचसी. अमेरिकेच्या अमली पदार्थ संशोधन संस्थेने 2021 मध्ये संशोधनासाठी ठरवलेलं एक प्रमाण युनिट 5 मिलिग्रॅमचं आहे. म्हणजे त्या एका ग्रॅममध्ये 70 युनिटं भरली! नवख्याने 2.5 मिलिग्रॅमवर सुरुवात करावी. ते डोळ्याने मोजता येत नाही. मिलिग्रॅमचा काटा घ्या, मिश्रण एकसारखं ढवळा, आणि ते जमणार नसेल तर मात्रा छापलेला तयार माल घ्या.

ओढल्यावर मिनिटांत कळतं. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काहीच वाटत नाही, यकृतात टीएचसीचं आणखी जोरकस रूप तयार होतं, आणि अंमल 6 ते 8 तास, कधी जास्तही राहतो. ‘काही होत नाहीये’ म्हणून दुसरा तुकडा खाणं हीच नेहमीची चूक. त्या दिवशी गाडी नाही.

मग निवड कशी करायची

फूल ओढताय आणि थोडा जोर वाढवायचाय, तर किफ. चव महत्त्वाची आणि दर्जेदार माल मिळतोय, तर बबल हॅश. रोझिन अनुभवी माणसाने घ्यावं, रोज घेऊ नये. कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डरमधल्या अभ्यासात, 2020 मध्ये, कॉन्सन्ट्रेट घेणाऱ्यांच्या रक्तात फूल ओढणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक टीएचसी आढळलं, तरी त्यांना चढलेली नशा साधारण तेवढीच होती. म्हणजे जोर वाढवून मजा त्या प्रमाणात वाढत नाही. सवय मात्र वाढते, कारण शरीर जास्त टीएचसीला सरावतं.

विशीच्या आसपासची मुलं, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, हृदयविकाराचे रुग्ण, आणि ज्यांच्या घरात सायकोसिसचा (वास्तवाचं भान सुटणारा मानसिक आजार) इतिहास आहे अशांनी यातलं काहीच घेऊ नये. 2019 मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत आलेल्या युरोपीय अभ्यासात, 10 टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसीचा गांजा रोज घेणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळली. यातलं सगळ्यात सौम्य कॉन्सन्ट्रेटही त्या 10 टक्क्यांच्या कितीतरी वर आहे. रोज घेणाऱ्याला वारंवार ओकाऱ्या होऊ लागल्या आणि गरम पाण्याने अंघोळ केल्यावरच बरं वाटत असेल, तर घेणं पूर्ण थांबवून डॉक्टरांना खरं सांगा.

साठवण काचेच्या डबीत, अंधारात, थंडीत, आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा कुलुपात. फ्रिजमधून काढलेली डबी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. घाई केली तर आत पाणी सुटतं आणि हॅशला बुरशी लागते.