कित्तूर, देगाव, नंदगड, हलशी: एका दिवसाची सहल

बेळगावच्या शहापुरात जन्म गेला माझा, पण देगावचं कमलनारायणाचं देऊळ गेल्या रविवारी पहिल्यांदा बघितलं. कित्तूरला याआधी दोनदा जाऊन आले होते. तिथून इतक्या जवळ असं काही आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

बेळगावातली तीन-चार तरुण मुलं मिळून ही सहल काढतात. माणशी 1,400 रुपये, त्यात नाश्ता, जेवण आणि माहिती सांगणारा मुलगा. आम्ही चौदा जण होतो, मी आणि जाऊबाई धरून.

पैसे वसूल झाले ते त्या मुलामुळेच. खानापूर तालुक्यातला पोरगा, घरात मराठी, शाळा कन्नड. कित्तूरच्या पडक्या वाड्यात भिंतीत एक नळी आहे, रात्री तिच्यातून ध्रुवतारा दिसतो म्हणतात. त्यानं प्रत्येकाला तिथं डोळा लावायला लावलं. 23 ऑक्टोबर 1824 ला राणी चन्नम्माच्या फौजेशी झालेल्या लढाईत ईस्ट इंडिया कंपनीचा कलेक्टर थॅकरे पडला, ती हकीगत आधी मराठीत सांगितली, मग धारवाडहून आलेल्या कुटुंबासाठी कन्नडमध्ये. दोन्ही वेळा तेवढ्याच जीव ओतून. आमच्या भागात या गोष्टीचं मोल मला फार वाटतं.

देगावला मात्र तो फारसा बोललाच नाही. बाराव्या शतकातलं देऊळ, गोव्याच्या कदंबांचा राजा शिवचित्त पेर्माडी याच्या राणीनं, कमलादेवीनं बांधवून घेतलेलं, एका ओळीत तीन गाभारे, एवढं सांगून म्हणाला, "मावशी, आता खाली बसा आणि वर छत बघा." बसलो. दगड थंडगार होता. हळूहळू अंधाराला डोळे सरावले तशी छतात कोरलेल्या कमळाची एकेक पाकळी दिसायला लागली. जाऊबाईंनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. पाऊण तास थांबलो, कुणी "चला चला" केलं नाही.

नंदगडला एका घरी जेवण: भाकरी, भरलं वांगं, ठेचा, घट्ट दही. वाढणाऱ्या वहिनींनी दोनदा आग्रह केला. जेवणानंतर राणी चन्नम्माचा शूर सरदार संगोळ्ळी रायण्णा याच्या समाधीला गेलो. 26 जानेवारी 1831 ला इंग्रजांनी त्याला इथंच फाशी दिलं.

आता तक्रार. हलशीला पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. ही कदंबांची दुसरी राजधानी, जुनं नाव पलाशिका. भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एका देवाला पाठ न करता दुसऱ्याकडे वळताच येत नाही, त्यामुळे मी मधेच घुटमळत राहिले. तिथं जेमतेम वीस मिनिटं मिळाली, आणि रामतीर्थाची टेकडी तर राहूनच गेली. कित्तूर सोडल्यावर जेवणापर्यंत गाडी बाथरूमसाठी कुठं थांबली नाही, हेही बरोबर नाही. आमच्या वयाच्या बायका असताना याचा विचार आधी व्हायला हवा.

मी त्या मुलांना सांगितलंय, सकाळी उलटं चला. खानापूरवरून आधी हलशी, कित्तूर शेवटी. रस्ता तोच आहे, आणि कित्तूरहून घरी यायला हायवे आहे. त्यांनी वहीत लिहून घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत नातीला घेऊन परत जाणार आहे, रामतीर्थावर चढायचं ठरवूनच.