रिमोटवर उडणारं फोमचं ट्रेनर (शिकाऊ) विमान, दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून: उडतं छान, पण सेफ्टीचं कोणी सांगत नाही ते सांगतो

आधी विमानाचं सांगतो कारण सगळे तेच विचारतात. 1400 मिमी पंखांचं फोमचं ट्रेनर, पंख वरच्या बाजूला, पुढे 9 इंची प्रोपेलर, 3 सेलची 2200 एमएएच लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, बॅटरीसकट वजन साधारण 1.1 किलो. दिवाळीला घेतलं, तेव्हापासून दिंडोरीच्या पुढे वणीच्या रस्त्याला एका माळावर सुट्टीच्या दिवशी सकाळी उडवतोय. उडतं झकास. लँडिंगला हळू येतं, वाऱ्यात जायरो (विमान कललं की आपोआप सरळ करणारा सेन्सर) पंख सपाट धरतो, नाक आपटून फोम तुटला तरी गोंद लावला की परत तयार. विमान म्हणून तक्रार शून्य.

तक्रार आहे ती "नवशिक्यांसाठी एकदम सेफ" या जाहिरातीबद्दल. जायरो विमान सांभाळतो, खाली उभ्या माणसांचं त्याला काय माहीत? साधा हिशोब करा, 1.1 किलोचं विमान ताशी 60 ने येत असेल तर त्यात साधारण 150 ज्यूल ऊर्जा असते, आणि ताशी 140 ने टाकलेल्या सीझन बॉलमध्ये 120. म्हणजे फास्ट बॉलरच्या चेंडूपेक्षा जास्त, आणि वर पुढे फिरतं पातं. प्रोपेलर मिनिटाला 8000 फेऱ्या मारत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी साडेतीनशेच्या आसपास जातो. 2013 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला ब्रुकलिनच्या एका पार्कमध्ये 19 वर्षांचा मुलगा स्वतःच्याच रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरचं पातं लागून गेला, आणि तो काही नवखा नव्हता, मुरलेला पायलट होता. ते हेलिकॉप्टर आपल्या विमानापेक्षा कितीतरी दांडगं होतं हे खरं, पण बोटं आणि डोळे जायला आपलं 9 इंचीसुद्धा पुरतं.

आमच्यातल्या एकांच्या हाताला टाके पडले ते विमान हवेत असताना नाही, टेबलावर असताना. बॅटरी जोडलेली, रिमोट गळ्यात, वाकताना जॅकेट थ्रॉटलच्या (मोटरचा वेग ठरवणाऱ्या) स्टिकला लागलं, मोटर फुल्ल. म्हणून रिमोटवर थ्रॉटल कटचं (मोटर बंदच ठेवणारं) बटण सेट केल्याशिवाय बॅटरी जोडायचीच नाही, आणि घरी काही सेटिंग करायचं असेल तर प्रोपेलर काढूनच ठेवायचा. आधी रिमोट चालू मग विमानाची बॅटरी, बंद करताना उलटं. बॅटरी जोडली की विमानाच्या मागे राहायचं, पात्याच्या पुढे नाही आणि रेषेत पण नाही.

दुसरं फेलसेफ. सिग्नल तुटला की रिसीव्हरने, म्हणजे रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या विमानातल्या डबीने, काय करायचं ते आपण ठरवायचं असतं, काही रिसीव्हर नवे असताना शेवटची कमांड तशीच धरून ठेवतात, म्हणजे थ्रॉटल अर्धा असेल तर अर्ध्यावरच विमान गावाकडे निघालं. चेक करायला दोन मिनिटं लागतात: एकाने विमान मागून घट्ट धरायचं, मोटर अगदी हळू चालू ठेवायची, रिमोट बंद करायचा, मोटर थांबली तर ठीक. नाही थांबली तर त्या दिवशी उडवायचं नाही. जायरोचं पण बघा, हातात विमान उजवीकडे कलवलं की उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) खाली गेलं पाहिजे. ते वर जात असेल तर जायरो उलटा बसलाय, हातातून सोडल्या सोडल्या विमान पालथं होणार.

आता जागेबद्दल, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या माळाच्या एका अंगाला द्राक्षबागा आहेत. लांबून हिरवागार मोकळा पट्टा दिसतो, चिटपाखरू नाही असं वाटतं, आणि मांडवाखाली बायका विरळणी करत असतात, काढणीच्या दिवसात तर पाटीवाले, ट्रॅक्टरवाले सगळेच. वरून एक माणूस दिसत नाही. त्यामुळे बागेवरून एक पण फेरी नाही, लँडिंगचं वळण सुद्धा दुसऱ्या अंगानेच घ्यायचं असं आम्ही ठरवून टाकलंय, आणि विमान बागेत पडलंच तर आधी मालकाला हाक, मग आत पाय. संक्रांतीच्या आसपास आम्ही गावाजवळ जातच नाही, मांजा पंखात किंवा प्रोपेलरला अडकला की संपलं. विजेच्या तारेवर विमान अडकलं तर काठी घेऊन चढू नका प्लीज, लाईनमनला फोन करा, विमान गेलं तर गेलं. मार्च-एप्रिलमध्ये दहानंतर वावटळी उठतात, तेव्हा फोमचं विमान कुठे जाईल सांगता येत नाही, त्याच्या आधीच आवरून घ्यायचं. पोरं जमतातच, त्यांना बघू द्या, पण आपल्या पाठीमागे, आणि एक मोठा माणूस फक्त त्यांच्याकडे लक्ष ठेवायला.

बॅटरी फुगली की तिचा मोह सोडा. सेलला 4.2 व्होल्टच्या वर चार्ज नाही, 3 च्या खाली उतरवायची नाही, वापरायची नसेल तर 3.8 ला ठेवायची. माझी चार्जिंग गच्चीत, मातीच्या कुंडीत, आणि मी तिथेच बसून. झोपताना लावून ठेवणं तर अजिबात नाही. उन्हात बंद गाडीत पण ठेवू नका.

कायद्याचं थोडक्यात. 2021 चे ड्रोन नियम फक्त चार पंख्यांच्या ड्रोनला नाहीत, विमानाच्या आकाराचं मॉडेल पण त्यातच येतं, आणि 250 ग्रॅमच्या वर गेलं की ते नॅनो (सगळ्यात हलक्या गटातलं) राहत नाही. ग्रीन झोनमध्ये (नकाशावर हिरवा दाखवलेला, वेगळी परवानगी न लागणारा भाग) 120 मीटर उंचीपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किमीच्या पट्ट्यात 60 मीटरपर्यंतच. नाशिकला एकीकडे ओझरचं विमानतळ, दुसरीकडे देवळालीचा लष्करी तोफखाना, त्यामुळे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटवरचा नकाशा उघडल्याशिवाय नवी जागा पक्की करू नका. मुंबईत तर पोलिसांचे बंदीचे आदेश अधूनमधून निघतच असतात, तिकडच्यांनी ते आधी बघा.

घ्यावं का? ज्याला मोकळा माळ आणि सोबतीला एक जाणता माणूस मिळतोय त्याने जरूर घ्यावं, मी परत हेच घेईन. सोसायटीच्या ग्राउंडवर किंवा गच्चीवरून उडवायचा विचार असेल तर 250 ग्रॅमच्या आतलं छोटं घ्या, आणि ते पण ग्राउंड रिकामं असेल तेव्हाच.