नाटक शिकायचंय : कम्युनिटी कॉलेज की थेट बीएफए?

अमेरिकेतल्या मराठी घरात मुलगा किंवा मुलगी 'मला नाटकच शिकायचंय' म्हणाली, की आईबाबांचा जीव धास्तावतो. मग तडजोड म्हणून कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचं, नाव निघतं. ते तडजोडीचं ठिकाण मानलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कुणासाठी ते योग्य आणि कुणासाठी नाही, हे नीट पाहू या.

पहिला फरक दारातच दिसतो. बीएफए म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, चार वर्षांची, बरीचशी स्टुडिओत घडणारी पदवी. तिथे बहुतेक ठिकाणी प्रवेशालाच ऑडिशन असते. दोन वेगळ्या प्रकृतीची स्वगतं, काही मिनिटं, आणि निकाल. कम्युनिटी कॉलेजात प्रवेश सर्वांना खुला असतो. ऑडिशन द्यायची ती त्या-त्या नाटकासाठी, आणि दर सत्रात पुन्हा देता येते. सतराव्या वर्षी ज्याचा आवाज अजून बसायचा आहे, त्याला ही सवड मोलाची वाटते.

पैशांचा फरक तर फारच मोठा. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात रहिवाशांना एका युनिटला, म्हणजे एका श्रेयांकाला, ४६ डॉलर पडतात. असोसिएट या दोन वर्षांच्या पदवीला साधारण ६० युनिटं लागतात, म्हणजे दोन वर्षांचं शिक्षणशुल्क २,७६० डॉलर. पुस्तकं आणि राहणं-खाणं वेगळं. खाजगी विद्यापीठात बीएफएच्या एकाच वर्षाला ५० हजार डॉलरच्या वर जाणं नवलाचं नाही. मात्र हा दर रहिवाशांचा. भारतातून विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना बराच जास्त भरावा लागतो.

आता तालमीकडे येऊ. बीएफएत आवाज, देहबोली, अभिनय यांचे वर्ग जवळजवळ रोज असतात. ठरावीक मुलांचा गट चार वर्षं एकत्र घडतो, आणि शेवटी अनेक संस्था एजंटांसमोर सादरीकरण घडवून आणतात. ही शिस्त आणि या ओळखी कम्युनिटी कॉलेज सहसा देऊ शकत नाही. तिथे कुणाची नोकरी असते, कुणाचं लेकरू घरी असतं, आणि दर सत्रात संच बदलतो.

पण त्याच संचात एक गंमत असते. विद्यापीठात विशीतला मुलगा केसांना पांढरा रंग लावून बाप होतो. इथे बापाच्या भूमिकेत खरोखर साठीचा माणूस असतो, दिवसभराचं काम आटोपून आलेला. त्याच्यासमोर उभं राहून संवाद म्हणताना जे शिकायला मिळतं, ते वेगळंच. शिवाय वरच्या वर्गातले विद्यार्थी पुढे रांगेत नसल्यामुळे पहिल्याच वर्षी मोठी भूमिका मिळू शकते. बीएफएच्या काही संस्था पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोगात घेतच नाहीत.

माझा सगळ्यात जास्त भर पडद्यामागच्या कामांवर आहे. छोट्या विभागात हात कमी पडतात, म्हणून आज अभिनय करणारी मुलगी पुढच्या नाटकात लाइट बोर्डावर बसते आणि त्याच्या पुढच्यात स्टेज मॅनेजर होऊन सगळे क्यू, म्हणजे प्रकाश-ध्वनी कधी बदलायचे याचे इशारे, देते. नेपथ्याची सुतारकी, ध्वनी, वेशभूषा, विंगेतली धावपळ, सगळं हाताखालून जातं. रोजगार इथे जास्त सापडतो. नाट्यगृहं, थीम पार्क, क्रूझ जहाजं, परिषदा, संगीताचे दौरे, सगळ्यांना तंत्रज्ञ लागतात. त्यांची आयात्सी ही संघटना १८९३पासून आहे. काम देणारा पदवी विचारण्याआधी म्हणतो, की तुझा प्रकाशआराखडा दाखव, तुझी प्रॉम्प्ट बुक, म्हणजे सगळे क्यू टिपलेली संहिता, दाखव. कॅलिफोर्नियातल्या सँटा मरिया इथल्या अ‍ॅलन हॅनकॉक कॉलेजात तर व्यावसायिक नाट्यसंस्थाच नांदते, आणि अभिनय व रंगतंत्राचं दोन वर्षांचं प्रशिक्षण देते.

सरकारी शाळेत नाटक शिकवायचं असेल, तर मात्र बॅचलर पदवी आणि शिक्षक परवाना लागतो, नाट्योपचारासाठी मास्टर्स. तिथे कम्युनिटी कॉलेज ही पहिली पायरी. हॉलिवूडचे नट टॉम हँक्स हेवर्डच्या शाबो कॉलेजात शिकून सॅक्रामेंटोच्या स्टेट विद्यापीठात गेले. अभिनेत्री अ‍ॅनेट बेनिंग सॅन डिएगो मेसा कॉलेजातून सॅन फ्रान्सिस्को स्टेटला गेल्या. अर्थात दोन नावांवरून कुणी स्वतःचं भविष्य मांडू नये.

एक खाचखळगा आधीच सांगते. पुढे बीए करायचं असेल तर वाट बरीच सरळ आहे. कॅलिफोर्नियात ट्रान्सफरसाठी, म्हणजे पुढे विद्यापीठात जाण्यासाठी, आखलेली असोसिएट पदवी घेतली, की कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या कुठल्या ना कुठल्या कॅम्पसमध्ये प्रवेशाची हमी मिळते, मात्र हव्या त्याच कॅम्पसची नाही. बीएफएचं तसं नाही. पुन्हा ऑडिशन द्यावी लागते, आणि सामान्य विषयांची युनिटं धरली तरी स्टुडिओचे वर्ग पहिल्या वर्षापासून करायला लावणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. 'दोन वर्षं इथे, मग दोन वर्षांत बीएफए' हे गणित अनेकदा फसतं. म्हणून पहिल्याच सत्रात ट्रान्सफर सल्लागाराला भेटा, आणि हव्या त्या विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या.

ज्याला अभिनयच करायचाय हे पक्कं कळलंय आणि ज्याची शिष्यवृत्तीची सोय झालीय, त्याने बीएफएच्या ऑडिशना जरूर द्याव्यात. रंगमंच खुणावतोय पण त्यातलं आपलं काम कोणतं हे उमगलेलं नाही, त्याला मी डोळे झाकून कम्युनिटी कॉलेज सांगेन.

कॉलेज निवडताना तिथल्या एका प्रयोगाचं तिकीट काढा आणि हातातलं माहितीपत्रक वाचा. प्रकाशयोजना, ध्वनी, वेशभूषा यांच्यापुढे विद्यार्थ्यांची नावं आहेत की सगळी प्राध्यापकांचीच, तेवढं बघा.