बाणेरमधील आंतरसांस्कृतिक व्यवस्थापन कार्यशाळा: दुसरा दिवस पैसे वसूल

चाकण, तळेगाव, हिंजवडी परिसरातील ज्या कंपन्यांचे मुख्यालय किंवा मोठे ग्राहक जर्मनीत अथवा जपानमध्ये आहेत, त्यांच्या मधल्या फळीतील व्यवस्थापकांसाठी बाणेरमधील एक खासगी संस्था दोन दिवसांची कार्यशाळा घेते. आमच्या मनुष्यबळ विभागातर्फे मी ती केली.

पहिला दिवस जवळजवळ सगळा, देशोदेशीच्या संस्कृतींची आकड्यांत तुलना करणारे डच संशोधक हॉफस्टेड यांच्या निर्देशांकांवर खर्ची पडला. सत्ता-अंतरात, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांमधली असमानता लोक कितपत गृहीत धरतात यात, भारत 77 आणि जर्मनी 35, असे आकडे पडद्यावर दाखवून 'जर्मन माणूस साहेबाला तोंडावर नाही म्हणतो, आपला म्हणत नाही' असा निष्कर्ष काढण्यात आला. मुळात हे आकडे 1967 ते 1973 या काळात आयबीएम या एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवरून आलेले आहेत आणि ते देशादेशांची तुलना करतात, एकेका व्यक्तीचा स्वभाव सांगत नाहीत. हा इशारा खुद्द हॉफस्टेड यांनी दिलेला असताना वर्गात त्याचा उल्लेखही झाला नाही. ज्या कारखान्यात युनियनचा पदाधिकारी भर बैठकीत व्यवस्थापकाला सुनावतो, तिथल्या माणसाने त्या 77 चे करायचे तरी काय?

दुसऱ्या दिवशीच्या प्रशिक्षिका जर्मनीत मनुष्यबळ विभागात काम करून आलेल्या होत्या आणि फरक लगेच जाणवला. त्यांनी स्वभावाऐवजी कायदा मांडला. जिथे कर्मचाऱ्यांनी निवडलेली कामगार परिषद आहे, तिथे कोणालाही कामावरून काढण्यापूर्वी तिचे म्हणणे मागवावेच लागते, नाहीतर ती बडतर्फी रद्दबातल ठरते. नेहमीच्या नोटिशीच्या प्रकरणात परिषदेला उत्तरासाठी एक आठवडा मिळतो. मग प्रत्येकाकडून परिषदेला द्यायचे पत्र लिहून घेतले. शेजारच्या गृहस्थांनी 'कामगिरी असमाधानकारक' एवढेच लिहिले होते. बाईंनी ते परत करून कोणते काम, कोणत्या तारखेला, आधी समज दिली होती का, हे सगळे भरायला लावले. तिकडचे सहकारी साध्या बदलालाही 'आधी परिषदेला विचारू' का म्हणतात, याचा उलगडा मला तिथे झाला. तोवर तो आम्हाला वेळकाढूपणा वाटत असे.

जपानचा भाग जेवणानंतर घाईत उरकला. बैठकीपूर्वीच एकेकाला भेटून संमती मिळवण्याची तिकडची रीत सांगितली, पण सराव नव्हता.

शुल्क भरभक्कम आहे, चहा मात्र उत्तम. केवळ दुसऱ्या दिवसाची नोंदणी जाहिरातीत दिसत नाही. तरीही फोन करून विचारावे, कारण आमच्या तुकडीतल्या काहींना ती मिळाली होती.