सुविचार कार्डांचा डबा: ७ महिने वापरून, एकदा भांडून

डब्यात काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे, ५२ कार्डं, लाकडी स्टँड, ३४९ रुपये, ते परत उगाळत नाही. आमच्या सोसायटीतले दहा-बारा जण दर गुरुवारी संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये ध्यानाला बसतो, नक्की किती ते घोडबंदर रोडचं ट्रॅफिक ठरवतं. एकाने कार्ड काढायचं, दोनदा सावकाश वाचायचं, १० मिनिटं गप्प, मग ज्याला वाटेल त्याने दोन वाक्यं बोलायची. आधी मोबाईलवर प्रवचन लावायचो तेव्हा अर्धी मंडळी पेंगायची. इथे एकच ओळ, त्यामुळे मन दुधाच्या हिशोबात गेलं तरी परत यायला खुंटी मिळते. दोन महिने मी जाम खूश होते.

मग ते कार्ड निघालं. 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी', आणि खाली ठसठशीत अक्षरात संत तुकाराम. अहो, सावता माळी! तुकोबांच्या तीनशेहून जास्त वर्षं आधीचे, ओळीतच मळा दिसतोय, तरी कळू नये? आमच्यातले एक काका माढा तालुक्यातले, सावतोबांचं अरण त्यांच्या गावापासून जवळच, ते ध्यानातच डोळे उघडून म्हणाले, "हे आमच्या सावतोबांचं आहे हो." झालं, ध्यान संपलं.

मी कंपनीला मेल केला तर उत्तर काय, मजकूर तज्ज्ञांकडून तपासलेला आहे. दुसऱ्या मेलनंतर म्हणे डबा परत पाठवा, बदलून देतो, कुरियरचे ९० रुपये तुमचे. चूक तुमची, खर्च माझा, वा! त्या रात्री १ स्टारचा रिव्ह्यू टाइप करून ठेवलेला, पाठवायचाच राहिला.

बरं झालं राहिला, कारण पुढच्या गुरुवारी काकांनी तेच कार्ड पुन्हा काढायला लावलं आणि सांगितलं की सावतोबा मळा सोडून वारीला गेले नाहीत असं म्हणतात, उलट पंढरपूरहून विठोबाची पालखीच अरणला त्यांच्या भेटीला येते. मग १० मिनिटं शांतता, खरी, पंख्याचा आवाज ऐकू येईल अशी. नंतर चार महिने तोंड न उघडलेल्या एक वहिनी म्हणाल्या, "उद्या मेथी निवडताना टीव्ही बंद ठेवून बघते." एवढंच. पण आजवरच्या सगळ्या गुरुवारांत मला तोच लक्षात आहे.

म्हणून ३ स्टार. एक कापला नावासाठी, एक त्या ९० रुपयांसाठी. चकचकीत लॅमिनेशनवर मार्कर टिकत नाही, पुसला जातो, मी पांढरं लेबल चिकटवून 'संत सावता माळी' लिहिलं. ते कार्ड आता काकांच्या शर्टाच्या खिशात असतं, मागायची माझी हिंमत नाही. म्हणजे ५१ उरली, एक पावणेसात रुपयांना पडतं, तेवढं सोडलं.