डोव्हीचा नर सांगून जॅग्वार गळ्यात मारला

मोठे शिकारी सिक्लिड (टाकीत पाळल्या जाणाऱ्या माशांचं एक कुळ) विकताना गॅरंटीच्या नावाखाली कशी टोपी घातली जाते, ते इतरांना कळावं म्हणून लिहितोय. माझा मासा मेला नाही, आजारीही नाही. चांगला दणकट आहे, समोर बोट नेलं तर काचेवर धडक मारतो. फक्त ज्या माशाचे पैसे मोजले तो हा नाही, आणि विक्रेत्याच्या गॅरंटीत नेमकी हीच गोष्ट कुठे बसत नाही. 'पार्सल उघडल्यावर मेलेला निघाला तर पैसे परत', एवढीच ती गॅरंटी. दुसराच निघाला तर काय, हे त्याने लिहिलेलं नव्हतं.

मला हवा होता डोव्ही, म्हणजे पॅराक्रोमिस डोव्ही, ज्याला वुल्फ सिक्लिड म्हणतात. होंडुरास, निकाराग्वा, कोस्टारिका या पट्ट्यातल्या नद्या-तळ्यांतला हा मासा. ग्युंथरने १८६४ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. निसर्गात ७० सेंटीमीटरपर्यंतच्या नोंदी आहेत. टाकीतला नरसुद्धा नीट सांभाळला तर दीड फुटाच्या पुढे जातो. लांबट अंग, मोठा जबडा, आणि वयात आलेल्या नराच्या अंगावर निळसर-जांभळट झाक घेऊन आलेले बारीक काळे ठिपके. मादी पिवळी, आकाराने लहान. मागणी असते ती नरालाच.

याच कुळात पॅराक्रोमिस मनाग्वेन्सिस आहे, आपला नेहमीचा जॅग्वार. वाईट मासा अजिबात नाही. खरं सांगायचं तर देखणा आहे. पण तो सहज पैदा होतो, एका विणीत हजारो अंडी, बाजारात कायम उपलब्ध, त्यामुळे स्वस्त. डोव्हीचा 'गॅरंटीड नर' त्याच्या कित्येक पट भावाने जातो. दोन्हींची पिल्लं बोटभर असताना मात्र दोघंही चंदेरी-पिवळट, अंगावर काळ्या खुणा, आणि चेहऱ्यावर तोच भुकेला भाव. सगळा धंदा या बोटभर लांबीत चालतो.

विक्रेत्याने आधी फोटो पाठवला तो पिल्लाचा नव्हे, 'बापाचा'. निळ्या-जांभळ्या उजेडात काढलेला भलाथोरला नर. त्या उजेडात चमचासुद्धा जांभळा दिसेल, पण हे पैसे भरायच्या आधी कोणाच्या डोक्यात येतं? मग पिल्लाचा व्हिडिओ आला, हलणारा, वरून काढलेला, पाच-सहा सेकंदांचा. नर कशावरून, असं विचारलं तर उत्तर, "दादा, व्हेंट बघून काढलाय, शंभर टक्के मेल." व्हेंटिंग म्हणजे मासा उलटा धरून गुदद्वारामागचा जननांकुर तपासणं. मोठ्या माशात ते जमतं. एवढ्याशा पिल्लात शंभर टक्के कोणी सांगत असेल तर तो एक तर ऋषी आहे, नाहीतर विक्रेता.

पार्सल आलं ते निळ्या पाण्याच्या पिशवीत. मिथिलीन ब्लू वापरणं तसं गैर नाही, प्रवासात बुरशी लागू नये म्हणून बरेच जण घालतात. मात्र त्या पाण्यात माशाचा रंग आणि खुणा कळत नाहीत, आणि घाबरलेला सिक्लिड मुळातच फिक्कट पडलेला असतो. विक्रेत्याचा निरोप तयारच होता: "दोन तासांत जिवंत असल्याचा व्हिडिओ पाठवा, नंतर क्लेम चालणार नाही." म्हणजे जेवढ्या वेळात मासा धड ओळखता येत नाही, तेवढ्याच वेळात तक्रारीची मुदत संपते.

टाकीत सोडल्यावर खटकला तो डोळा. चार इंची माशाला तो फार मोठा होता, बाहेर आल्यासारखा. कमी खाणं, दाटी आणि घाण पाणी यांत ठेवलेल्या माशाचं अंग खुंटतं, डोळा मात्र त्या मानाने वाढत राहतो. म्हणून लहान अंगावर मोठा डोळा दिसला की समजावं, हे पिल्लू नाही, दाबून ठेवलेला जुना मासा आहे. गंमत अशी की सौदा ठरताना याच माणसाने मला सांगितलं होतं, "चार फुटी टाकीत आयुष्यभर आरामात राहील, मासा टाकीच्या मापानेच वाढतो." त्या तत्त्वज्ञानाचाच नमुना त्याने पॅक करून पाठवला होता.

पुढचे काही महिने संशयात गेले. डोव्हीच्या पिल्लाच्या कुशीवर डोळ्यापासून शेपटीकडे जाणारा काळा पट्टा बऱ्यापैकी सलग असतो. जॅग्वारच्या पिल्लात तो तुटक ठिपक्यांचा, सोबत उभे पट्टे. पण सिक्लिडचे पट्टे मूडप्रमाणे गडद-फिके होतात, त्यामुळे एका दिवसाच्या दर्शनावर निकाल देता येत नाही. भरपूर पाणी आणि पेलेट (माशांचं तयार दाणेदार खाद्य) मिळाल्यावर तो वाढू लागला, तेही लांबीपेक्षा उंचीत जास्त. मग पाठीखालून काळे डाग एकमेकांत मिसळत गेले आणि सगळ्या अंगावर बिबट्याची कातडी उमटली. कल्ल्याच्या झाकणावरही तीच नक्षी. आता वादाला जागा नव्हती. अस्सल जॅग्वार.

विक्रेत्याच्या उत्तरांचा क्रमही बघण्यासारखा आहे, कारण तुम्हालाही तो याच क्रमाने भेटेल. आधी "स्ट्रेस पॅटर्न आहे, जाईल." मग "तुमच्या पाण्याने रंग बदलला." (पाण्याने रंग फिका होतो, जात बदलत नाही.) मग "हा वेगळ्या लोकॅलिटीचा डोव्ही आहे." शेवटी, मी मोठ्या जॅग्वारचे फोटो शेजारी ठेवून पाठवल्यावर, एकदम मवाळ सूर: "दादा, नको असेल तर मी परत घेतो. वाहतूक तुमची."

हे परत घेणं म्हणजे दुसरा डाव. त्याच्याकडून घेतलेल्या आणखी एकाशी ओळख झाली, तेव्हा उलगडा झाला. त्याला 'लहान राहणारा' म्हणून असाच मासा दिला होता. वर्षभरात टाकीतले बाकीचे मासे त्या माशाने संपवले, हीटर फोडला. टाकी पुरेना तसा त्या गिऱ्हाइकाने वैतागून तो परत दिला, फुकट, वर भाडं स्वतःचं. थोड्याच दिवसांत 'शो क्वालिटी अ‍ॅडल्ट' म्हणून जाहिरात झळकली. डाव्या कल्ल्याचं झाकण कडेला बाहेर मुडपलेलं होतं, त्यावरून त्याने आपला मासा लगेच ओळखला. म्हणजे पिल्लू विकायचं, वाढवायचा खर्च गिऱ्हाइकाने करायचा, आणि वाढलेला मासा फुकटात परत आणून दुसऱ्यांदा विकायचा. चुकीचं माप सांगण्यात त्याचा खरा फायदा इथे आहे. चार फुटी टाकी लवकर अपुरी पडावी, हेच त्याला हवं असतं.

मी परत दिला नाही. सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी डोव्हीसाठीच बांधली होती, साधारण ६८० लिटरची. काच, स्टँड आणि वाळू धरून वजन पाऊण टनाच्या पुढे जातं, तेव्हा जमिनीचा विचार आधी करावा लागतो. हेही कुठला विक्रेता सांगत नाही. जॅग्वारला ती टाकी मानवली आहे. बाकी कंटाळून कोणी असा मासा तळ्यात-नदीत सोडत असेल तर कृपा करून सोडू नका. जॅग्वार आधीच अनेक देशांत परक्या पाण्यात घुसून तिथले मासे फस्त करतोय.

घेणारच असाल तर 'बापाचा' फोटो बघूच नका, तो अनेकदा कुठून तरी उचललेला असतो. चित्रावरून शोध घेतला की तोच फोटो दहा ठिकाणी सापडतो. पिल्लाचा बाजूने काढलेला व्हिडिओ मागा, साध्या पांढऱ्या उजेडात, काचेला मोजपट्टी लावून आणि त्या दिवसाची तारीख हाताने लिहिलेला कागद शेजारी ठेवून. तो पेलेट खाताना दिसायला हवा. जिवंत माशांवरच पोसलेला असेल तर पुढे खाण्याची भांडणं होतात, आणि गोल्डफिश खाऊ घालून रोग व व्हिटॅमिन बी१ ची कमतरता ओढवते ती वेगळीच. डोळा बघा. लहानपणीच नर घ्यायचा हट्ट असेल तर सोडा. पाच-सहा पिल्लं घेऊन वाढवणं आणि रंग फुटल्यावर नर ठेवणं हा जुना, बरा रस्ता आहे, पण मग बाकीच्यांची सोय आधीच लावून ठेवा, कारण ते एकत्र नांदणार नाहीत. आणि पैसे पाठवण्याआधी एक ओळ लेखी मागा: शास्त्रीय नाव अमुक, आणि मासा वाढल्यावर दुसऱ्या जातीचा निघाला तर पूर्ण रक्कम परत.

हीच ओळ मी त्याच विक्रेत्याला दुसऱ्या नंबरवरून पाठवून बघितली. तोपर्यंत मिनिटामिनिटाला उत्तर येत होतं, 'बापाचा' तोच जांभळा फोटोही आला होता. ओळ गेल्यावर बराच वेळ काही नाही. मग आलं, "दादा, जिवंत मालाचं असं कोणी लिहून देत नसतं," आणि नंबर ब्लॉक.