आठ महिने छातीवर: डोसीमीटर खरा किती, खोटा किती?

आमचं काम रात्रीचं. फॅब्रिकेशन यार्डात पाइपांचे वेल्ड जॉइंट इरिडियम-१९२ या किरणोत्सारी सोर्सने शूट करायचे, म्हणजे आतले दोष दिसावेत म्हणून एक्स-रेसारखा फोटो काढायचा. अंगावर किती रेडिएशन पडलं ते छातीवरचा टीएलडी बॅज तीन महिन्यांनी सांगतो, म्हणून आठ महिन्यांपूर्वी सगळ्यांना तिथल्या तिथे आकडा दाखवणारे, वाजणारे इलेक्ट्रॉनिक डोसीमीटर मिळाले.

पहिल्या पंधरवड्यातच पोरांनी त्याचं नाव 'कोंबडा' ठेवलं. सोर्स कॅमेऱ्यात (त्याच्या कवचाच्या पेटीत) कुलूपबंद, सर्व्हे मीटर (आसपासचं रेडिएशन मोजणारं हातातलं यंत्र) गप्प, आणि हा अवेळी आरवतोय. एकाने तर तो बंद करून जेवणाच्या डब्याशेजारी ठेवून दिला. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. उद्या सोर्स खरंच कॅमेऱ्याबाहेरच्या नळीत अडकला तर?

मग दोन रात्री वही घेऊन बसलो. आरवला की वेळ लिही, कोण काय करत होतं ते लिही. बहुतेक वेळा कुणीतरी वॉकी-टॉकीचं बटण दाबलेलं. वॉकी डाव्या खिशाला, डोसीमीटरही तिथेच! मुद्दाम दाबून पाहिलं: आकडा उसळला, बटण सोडलं की खाली. दाबून धरून दहा पावलं मागे गेलो तरी कमी होईना. खरं रेडिएशन असं वागत नाही. सोर्सपासूनचं अंतर दुप्पट केलं की ते चौथाईवर येतं. वॉकी उजव्या कमरेला गेली आणि निम्म्याहून जास्त कटकट मिटली.

उरलेल्यात शेजारच्या टिग वेल्डिंगचा आर्क पेटतानाची हाय फ्रिक्वेन्सी, शिडीवर चढताना बसणारे ठोके (आतला सिलिकॉन डायोड कधीकधी धक्क्यालाच पल्स समजतो) आणि ढिला सेल. सेलची पत्री जरा वाकवली, झालं. क्लिप मात्र भिकार आहे, आणि ग्राइंडिंग चालू असेल तर व्हायब्रेशन कळतच नाही.

एक नियम तरीही सोडला नाही: वाजला की आधी मागे, मग सर्व्हे मीटर, वाद नंतर. गेल्या महिन्यात चहाला बसलो असता माझा वाजायला लागला. वॉकी नाही, वेल्डिंग नाही. "झालं, कोंबडा सुरू!" म्हणत पोरं हसली. सर्व्हे मीटर आणला तर काटा आमच्या नव्या हेल्परकडे वळलं की चढायचा. सकाळी हृदयाचा स्कॅन करून आला होता बिचारा, बोलला नव्हता. त्या स्कॅनला टोचतात त्या किरणोत्सारी टेक्निशियम-९९एमचं अर्धायुष्य सहा तास (दर सहा तासांनी निम्मं उरतं), म्हणजे रात्रीपर्यंत अंगात बरंच उरलेलं. त्याला घरी पाठवलं, पण त्याआधी छातीवरचा टीएलडी काढून घेतला आणि रजिस्टरात वेळेसकट नोंद केली. नाहीतर तीन महिन्यांनी त्याच्या स्कॅनचा डोस आमच्या कामाच्या नावावर चढला असता.